मुंबई ते लंडन : अंतर किती, वेळ किती?



आपल्या तालुक्याच्या गावांतून, खेड्यापाड्यांतूनसुद्धा, आता मुले-मुली शिकायला किंवा नोकरीला विलायतेला जातात. मुलाला निरोप देऊन मंडळी घरी परततात आणि तिकिटाची नक्कल समोर घेऊन बसतात. समजा, त्यावर लिहिले आहे : मुंबईहून निघणे दुपारी एक वाजता, लंडनला पोहोचणे संध्याकाळी साडेपाच वाजता. आजोबा बोटांवर मोजतात आणि म्हणतात, "साडेचार तासांत लंडन? अहो, एस.टी.ने सोलापूरहून पुण्याला जायला एवढा वेळ लागतो!" मग सहा वाजले की घरातून फोन सुरू होतात. मुलाचा फोन बंद. सात वाजतात, आठ वाजतात, फोन बंदच. आईच्या तोंडचे पाणी पळते. आणि खरे पाहता त्या वेळी विमान सुखरूप आकाशात असते. त्याला पोहोचायला अजून तीन तास अवकाश असतो.

पुढे मुलगा सुटीवर घरी येतो, तेव्हा कोडे उलटे होते. लंडनहून रात्री नऊला निघालेले विमान मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला उतरते. म्हणजे साडेचौदा तास! रस्ता तोच, विमान तसेच. मग जाताना साडेचार आणि येताना साडेचौदा, हे कसे?

या कोड्यात अंतर, वारा आणि घड्याळ अशा तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. हल्ली चौथीही एक गोष्ट आहे, ती शेवटी पाहू. गुंता एकेक पदर सोडवत गेले तर सुटतो. शाळेतल्या गुरुजींनी आणि बाईंनी हे थोडे ध्यान देऊन ऐकावे, कारण यात भूगोल आणि गणित हातात हात घालून चालतात.

पहिला पदर अंतराचा. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबईपासून लंडनपर्यंत सरळ रेघ मारली, तर तीच सर्वांत जवळची वाट असे आपल्याला वाटते. पण पृथ्वी काही कागदासारखी सपाट नाही. गोल वस्तूची साल काढून ती सपाट पसरायची म्हटले, तर ती कुठेतरी ताणावी लागते, कुठेतरी फाडावी लागते. संत्र्याची साल पाटावर दाबून पाहा, म्हणजे समजेल. आपल्या ओळखीचा जो नकाशा आहे त्याची पद्धत मर्केटर नावाच्या गृहस्थाने १५६९ साली काढली. दर्यावर्दी लोकांना दिशा धरायला तो फार सोयीचा. पण उत्तरेकडचे प्रदेश त्यात फार ताणले जातात. ग्रीनलंड त्यात आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट मोठी आहे.

तेव्हा पट्टी बाजूला ठेवा आणि पृथ्वीचा गोल घ्या. एक दोरा मुंबईवर धरा, दुसरे टोक लंडनवर धरा आणि दोरा ताणा. ताणलेला दोरा ज्या वाटेने बसेल ती जवळची वाट. शाळेत गोल नसेल तर अडून बसू नका. एखादे वाटोळे कलिंगड घ्या, त्यावर खडूने विषुववृत्त काढा, दोन गावांच्या खुणा करा. काम भागते. सुमारे तीस सेंटिमीटर व्यासाचा गोल असेल तर दोरा साधारण सतरा सेंटिमीटर भरेल. अशा गोलाचा घेर चौऱ्याण्णव सेंटिमीटरच्या आसपास असतो, आणि पृथ्वीचा घेर आहे सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे एक सेंटिमीटरला सुमारे ४२५ किलोमीटर. सतराने गुणा. ७,२०० किलोमीटरच्या आसपास उत्तर येईल.

वरच्या वर्गातल्या मुलांना दुसऱ्या रीतीनेही ताळा पाहता येईल. पृथ्वीच्या मध्यापासून मुंबईकडे एक रेघ आणि लंडनकडे दुसरी रेघ काढली, तर त्यांच्यामध्ये सुमारे ६५ अंशांचा कोन होतो. घेराचे ३६० भाग केले की एक अंश १११ किलोमीटरचा. ६५ गुणिले १११, म्हणजे ७,२१५. दोन्ही रीतींनी उत्तर जुळते. नकाशावरची सरळ रेघ धरून तोच प्रवास केला तर तो ७,४०० किलोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे सुमारे दोनशे किलोमीटरचा तोटा. दोन्ही गावे विषुववृत्तापासून आणखी दूर असती, तर हा तोटा याहून कितीतरी वाढला असता.

हा दोरा कोणत्या मुलखांवरून जातो तेही मुलांना बघू द्या. मुंबई सोडली की तो जवळजवळ वायव्येला निघतो. पाकिस्तानचा मुलूख, मग इराण, कास्पियन समुद्राचा दक्षिणेकडचा भाग, आणि नेमकी निम्मी वाट संपते ती कॉकेशसच्या डोंगराळ मुलखात, आर्मेनिया आणि जॉर्जिया यांच्या सीमेजवळ. तिथून काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेन, पोलंड, जर्मनी करीत तो लंडनला पोहोचतो. ही नावे ध्यानात ठेवा. शेवटी आपल्याला त्यांच्याकडे परत यायचे आहे.

आता दुसरा पदर, वाऱ्याचा. मोठे प्रवासी विमान हवेतून ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. ७,२०० ला ९०० ने भागले तर आठ तास. जाताना आठ, येताना आठ. पण तसे होत नाही. ज्या उंचीवर, म्हणजे दहा-अकरा किलोमीटरवर, ही विमाने उडतात, तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे मोठे लोट वाहत असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्यांचा वेग ताशी शंभर-दोनशे किलोमीटर सहज असतो, हिवाळ्यात कधी तीनशेच्याही वर जातो. शेतकरी बंधूंना हा वारा अगदीच परका नाही. हिवाळ्यात पंजाब-हरियाणात गव्हावर जो पाऊस पडतो, तो आणणारी वादळे याच पश्चिमी वाऱ्याच्या पाठीवर बसून येतात.

पुराच्या दिवसांत नाव हाकणाऱ्याला विचारा. प्रवाहाबरोबर जाताना वल्हे नुसते धरले तरी चालते, आणि प्रवाहाविरुद्ध येताना छातीचा भाता होतो. विमानाचे तसेच आहे. समजा, वाटभर सरासरी शंभर किलोमीटरचा वारा आहे. लंडनला जाताना तो समोरून येतो. विमानाचा जमिनीवरून मोजलेला वेग ९०० चा ८०० होतो आणि ७,२०० किलोमीटरला नऊ तास लागतात. येताना तोच वारा पाठीमागून रेटतो. वेग १,००० होतो आणि सात तास बारा मिनिटे पुरतात.

इथे गुरुजींनी मुलांना एक प्रश्न टाकावा. जाताना वाऱ्याने जेवढे नुकसान केले तेवढे येताना भरून दिले काय? बहुतेक मुले "हो" म्हणतील. आता बेरीज करा. नऊ तास आणि सात तास बारा मिनिटे, एकूण सोळा तास बारा मिनिटे. वारा नसता तर सोळाच लागले असते. बारा मिनिटे बुडाली. कारण सोपे आहे. वारा विरुद्ध असताना आपण जास्त वेळ त्याच्या तडाख्यात असतो, आणि अनुकूल असताना त्याचा फायदा थोडाच वेळ मिळतो. फळ्यावर हे गणित मांडले तर मुले विसरणार नाहीत.

प्रत्यक्षात विमानाला चढायला, उतरायला वेळ लागतो. धावपट्टीपर्यंत जमिनीवरून चालत जावे लागते, गर्दी असली तर घिरट्या घालाव्या लागतात. वाटही दोऱ्याइतकी सरळ मिळत नाही. हे सगळे धरून मुंबईहून लंडनला साधारण साडेनऊ ते दहा तास, आणि परत यायला साडेआठ ते नऊ तास, असा हिशेब ढोबळमानाने ठेवावा.

वाऱ्याचा हा जोर किती, याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. दिल्लीहून अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे एअर इंडियाचे विमान पूर्वी पश्चिमेकडून, अटलांटिक महासागरावरून जात असे. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची आणि वेळ साडेसोळा तासांच्या आसपास. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट्या बाजूने, म्हणजे पूर्वेकडून पॅसिफिक महासागरावरून नेले. ही वाट झाली सुमारे १५,३०० किलोमीटर. चौदाशे किलोमीटर जास्त! आणि विमान पोहोचले साडेचौदा तासांत, दोन तास आधी. वारा पाठीशी होता. आपल्याकडे पांदीच्या चिखलातून जवळून जाण्यापेक्षा सडकेने लांबून गेलेले बरे म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

आता एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण शिकलेली माणसेही तो बाळगून असतात. पुष्कळांना वाटते की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तेव्हा पश्चिमेला निघालेल्या विमानाकडे लंडन आपणहून सरकत येत असणार. मग जाताना कमी वेळ लागायला हवा, नाही का? इतकेच कशाला, मुंबईवर वर जाऊन नुसते थांबले तर खालून लंडन येईलच की! मुंबईच्या अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने फिरतो हे खरे. पण पृथ्वीबरोबर तिच्यावरची हवाही फिरते, आणि विमानही जमीन सोडण्याआधीपासून तोच वेग अंगात घेऊन निघते. धावत्या एस.टी.त माशी उडते. ती काही मागच्या काचेवर जाऊन आदळत नाही, कारण गाडीतली हवा गाडीबरोबर चाललेली असते. चालत्या आगगाडीच्या डब्यात उडी मारून पाहा, त्याच जागी खाली याल. तेव्हा पृथ्वी फिरते म्हणून लंडन जवळ येत नाही, की दूरही जात नाही. या फिरण्यामुळे वाऱ्यांना पश्चिम-पूर्व वळण मिळते आणि ते वारे विमानाला अडवतात किंवा ढकलतात, एवढाच त्याचा संबंध.

तिसरा पदर घड्याळाचा, आणि आजोबांचे कोडे याच ठिकाणी सुटते. सूर्य चोवीस तासांत ३६० अंश फिरलेला दिसतो, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. आपल्या देशाचे घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावले आहे. लंडनचे घड्याळ ग्रीनिचच्या शून्य अंशावर. साडेब्याऐंशीला चारने गुणा. ३३० मिनिटे, म्हणजे साडेपाच तास. आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजलेले असतात तेव्हा हिवाळ्यात लंडनला संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ते लोक आपली घड्याळे एक तास पुढे ठेवतात. तेव्हा हा फरक साडेचार तासांचा राहतो.

तिकिटावर नेहमी त्या त्या गावची वेळ लिहिलेली असते. निघताना मुंबईची, पोहोचताना लंडनची. मघाचे तिकीट हिवाळ्यातले धरा. दुपारी एकला निघाले, दहा तास उडाले. आपल्या घड्याळात रात्रीचे अकरा वाजले. त्यातून साडेपाच तास वजा करा. लंडनचे साडेपाच. येताना रात्री नऊला निघाले, नऊ तास उडाले. लंडनच्या घड्याळात सकाळचे सहा. त्यात साडेपाच तास मिळवा. आपले साडेअकरा. हिशेब पुरा झाला.

यात एक गंमत आहे. समजा, तुम्हाला घड्याळातला फरक ठाऊकच नाही. तिकिटावरून दिसणारे जातानाचे साडेचार तास आणि येतानाचे साडेचौदा तास यांची बेरीज करा. एकोणीस येते. खरे उड्डाणाचे तास दहा अधिक नऊ, तेही एकोणीस! जाताना घड्याळाने जे लपवले ते येताना परत दिले. वारा लबाडी करून बारा मिनिटे ठेवून घेतो, घड्याळ मात्र पै न पै चुकते करते. तेव्हा जाण्यायेण्याची दोन्ही तिकिटे हाती असली, तर बेरीज करून निम्मे करा. एका वेळच्या प्रवासाचा सरासरी काळ मिळेल. आणि आईवडिलांसाठी सांगायचे तर, पोहोचण्याच्या वेळेत हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार तास मिळवा आणि मगच फोनची वाट पाहा. त्यातही विमानातून उतरून, सामान घेऊन, तपासणीतून बाहेर यायला तासभर जातो, तोही धरा.

आता तो चौथा पदर. हा भूगोलाच्या पुस्तकात सापडत नाही. गोलावरचा आपला दोरा कोणकोणत्या देशांवरून गेला ते आठवा. पाकिस्तान, इराण, युक्रेन. आकाशाला कुंपण नसते असे आपण म्हणतो, पण प्रत्येक देशाचे आकाश त्याच्या मालकीचे असते आणि ते बंद करता येते. फेब्रुवारी २०१९ पासून जुलै २०१९ पर्यंत पाकिस्तानने आपले आकाश बंद ठेवले होते. एप्रिल २०२५ मध्ये त्याने ते भारतीय विमानांना पुन्हा बंद केले आणि भारतानेही तसेच उत्तर दिले. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युद्ध पेटले त्या दिवशी प्रवासी विमानांना बंद झाले. जून २०२५ मध्ये इराण आणि इस्रायल यांच्यातल्या लढाईत इराणवरची वाटही काही काळ बंद पडली. असे झाले की विमानांना दोरा सोडून अरबी समुद्र, आखाती मुलूख, तुर्कस्तान असा वळसा घ्यावा लागतो.

हे निर्बंध उगाच नसतात. १७ जुलै २०१४ रोजी ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेले प्रवासी विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडले गेले. २९८ माणसे गेली. त्यांचा त्या लढाईशी काही संबंध नव्हता. त्यांची वाट तेवढी त्या रणावरून जात होती. तेव्हा विमान वळसा घेऊन उशिरा आले, तर आपण कुरकुर करू नये.

वळशाची किंमत मात्र मोजावी लागते. सहाशे किलोमीटरचा वळसा पडला आणि वेग ८०० असला तर पाऊण तास वाढला. मोठे विमान तासाला सुमारे पाच ते आठ टन इंधन जाळते, म्हणजे पाऊण तासाला चार ते सहा टन. हे जास्तीचे इंधन मुंबईपासूनच उचलून न्यावे लागते आणि त्याचे ओझे वाहायलाही इंधन लागते. लांबच्या बाजाराला निघालेल्या गाडीत बैलांचाच कडबा भरला, तर माल ठेवायला जागा कुठून उरणार? तो खर्च शेवटी तिकिटावर येतो, आणि आजारी बापाला भेटायला निघालेल्या मुलाच्या वाटेतही तो पाऊण तास वाढतो.

तरीसुद्धा मागे वळून पाहिले तर मन थक्क होते. सुवेझचा कालवा १८६९ साली खुला होण्यापूर्वी आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या गलबतांना महिनेच्या महिने लागत. कालव्यानंतर आगबोटीने दोन-तीन आठवड्यांवर काम आले. ३० मार्च १९२९ रोजी लंडन ते कराची विमानसेवा सुरू झाली. तिला सात दिवस लागत आणि मधला काही टप्पा आगगाडीने काटावा लागे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एका लहानशा विमानातून टपालाच्या थैल्या कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर आणल्या. देश स्वतंत्र झाल्यावर, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून निघाले. कैरो आणि जिनिव्हा इथे थांबत ते १० जूनला लंडनला पोहोचले. १९६० साली जेट विमाने आली आणि दिवसांचा हिशेब तासांवर आला.

या सगळ्या काळात मुंबई आणि लंडन यांच्यातला तो दोरा तसूभरही आखूड झाला नाही. तो होता तसाच ७,२०० किलोमीटरचा आहे. महिन्यांचे आठवडे, आठवड्यांचे दिवस आणि दिवसांचे तास झाले ते माणसाच्या विद्येने. आणि तासांत पुन्हा भर पडते ती माणसांच्याच भांडणाने.

गुरुजनांना एवढीच विनंती की हा पाठ नुसता वाचून दाखवू नका. गोल किंवा कलिंगड वर्गात आणा, दोरा मुलांच्या हाती द्या, अंतर त्यांनाच मोजू द्या. गावातले कोणी परदेशी असेल तर त्या गावाचे रेखांश नकाशात शोधून तिथे आता किती वाजले असतील ते मुलांकडून काढून घ्या. आणि पुढच्या वेळी शेजारच्या आजी सहा वाजताच फोन घेऊन काळजी करीत बसल्या, तर त्याच वर्गातली एखादी मुलगी पाटी घेऊन त्यांच्याजवळ बसेल आणि सांगेल, "आजी, अजून पाच तास आहेत. तुम्ही आधी जेवून घ्या."